थंडीत गिझरचं पाणी कोमटच येतंय? कॉईल बदलण्याआधी हे बघा

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. फोनवर सगळे एकच सांगतात, ‘गिझर बिघडला’, आणि त्यात निदान सात वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

- पाणी तापतं, पण पहिली बादली भरेपर्यंतच. दुसऱ्याच्या वाट्याला कोमट.
- दिवा लागतो, अर्धा तास झाला तरी पाणी तापत नाही.
- दिवाच लागत नाही.
- गिझरखालचा नळ कडकडीत, पण दुसऱ्या बाथरूमचा किंवा स्वयंपाकघरातला नळ कोमट.
- स्विच टाकला की लगेच, किंवा दहा-पंधरा मिनिटांनी, घरभर अंधार.
- पाणी तापताना खालच्या पितळी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं.
- ओल्या हाताने नळ धरला की झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, खाली करा, त्या बाथरूममधली आंघोळ बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा. बाकीच्यांनी पुढे वाचायला हरकत नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात वायरिंग आणि गिझरची कामं करतो. नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळून लोक अभ्यंगस्नानाला घरी येतात, तेव्हा हंगामातला पहिला फोन येतो. माघातल्या जत्रा उरकेपर्यंत फोन थांबत नाहीत. यातल्या बऱ्याच घरी मला गिझर उघडावाच लागत नाही. म्हणून तपासणीचा क्रम फुकटातल्या गोष्टींपासून सुरू केलाय.

आधी हिशेब करा, कदाचित बिघाड नसेलच

गोव्यात कसली आलीय थंडी, असं घाटावरचे पाहुणे हसून म्हणतात. पणजीपुरतं ते खरं आहे, तिथली जानेवारीची पहाट साधारण २० अंशांची. पण वाळपई, मोले, सांगे या डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात आभाळ निरभ्र असलं आणि पूर्वेचा वारा सुटला, की पारा त्याहून खाली उतरतो. आपली घरं उकाडा आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. उंच छप्पर, मंगलोरी कौलांमधून वारा, न्हाणी घराच्या मागच्या अंगाला. खोबरेल तेल बाटलीत थिजलेलं दिसलं, की घरातलं तापमान २४ अंशांच्या आसपास किंवा खाली आलंय असं खुशाल समजा. आणि गच्चीवरची काळी टाकी तर रात्रभर उघड्या आभाळाखाली असते.

गिझरला हेच टाकीतलं पाणी मिळतं. मे महिन्यात ते २८ अंशांचं असेल, तर जानेवारीच्या पहाटे २० अंशांचं. आंघोळीला लागतं साधारण ४० अंशांचं. आता १५ लिटरचा गिझर ६० अंशांवर तापवला, तर मेमध्ये त्यात थंड पाणी मिसळून एकूण ४० लिटर आंघोळीचं पाणी होतं, म्हणजे दोन बादल्या. तोच गिझर जानेवारीत ३० लिटर देतो. दीड बादली. यंत्रात काडीचाही फरक पडलेला नसतो.

वेळेचंही तसंच. २ किलोवॅटच्या कॉईलला १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला जवळपास २१ मिनिटं लागतात. घरात पाच माणसं, त्यात जत्रेला आलेले पाहुणे, आणि सगळ्यांना साडेसहाच्या आत देवळात पोहोचायचं असेल, तर तिसऱ्या माणसाला थंड पाणी मिळणारच. दोघांच्या मध्ये वीस-पंचवीस मिनिटं सोडा, किंवा दोन माणसांची आंघोळ आदल्या संध्याकाळी उरका. दरवर्षीच हा प्रश्न येत असेल तर पुढचा गिझर २५ लिटरचा घ्या. शॉवर असेल तर तो दर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज ओततो, म्हणजे तीस लिटर तीन-चार मिनिटांत संपले. थंडीच्या महिन्यात बादली-तांब्याच बरा.

तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण ‘कॉईल कमजोर झाली’ ही त्यांचीच तक्रार सगळ्यात जास्त असते. ३ किलोवॅटची कॉईल मिनिटाला ३ लिटरच्या धारेत पाण्याचं तापमान फक्त १४ अंशांनी वाढवते. २८ चं पाणी ४२ होतं, मजेत आंघोळ होते. २० चं ३४ होतं, आणि अंगावर घेतल्यावर शहारे येतात. इलाज अगदी साधा आहे. अँगल कॉक, म्हणजे गिझरला थंड पाणी देणारा छोटा कॉक, थोडा आवळून धार बारीक करा. मिनिटाला २ लिटर केलीत तर तीच कॉईल २१ अंश वाढवते. मोजायचं कसं? लिटरचं माप नळाखाली धरा आणि मोबाईलवर वेळ लावा. अर्ध्या मिनिटात भरलं तर धार २ लिटरची.

हा हिशेब लावूनही पाणी कमी तापतंय असं वाटलं, तरच पुढे चला.

फुकटातली तपासणी

गिझरचा नॉब बघा. उन्हाळ्यात कुणीतरी तो अर्ध्यावर आणलेला असतो आणि मग सगळे विसरतात. ६० अंशांपर्यंत किंवा खुणेच्या पाऊण भागापर्यंत न्या. अगदी शेवटाला नेऊ नका. ६० अंशांचं पाणीसुद्धा थेट अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, आणि लहान मुलं नळ उघडताना मागेपुढे बघत नाहीत. मुलांच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम, हा क्रम मोडू नका.

घर किंवा फ्लॅट बरेच महिने बंद होता का? मग स्विच टाकण्याआधी गरम नळ सोडून धार सलग येते की नाही ते पाहा. टाकीत पाणी नसताना कॉईल चालू केली तर ती काही मिनिटांत जळते, आणि त्यावर वॉरंटीवालेही हात वर करतात. बाहेरगावी असलेल्या मुलांचे इथले फ्लॅट दिवाळीत उघडतात, तिथे हे हटकून घडतं.

थंड पाणी चोरवाटेने शिरतंय का

सगळ्यात जास्त लोकांना फसवणारी भानगड हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

हल्लीच्या बाथरूममध्ये थंड आणि गरम अशा दोन्ही लाईनी एकाच नळाला, मिक्सरला, येतात. मिक्सरच्या आतला वॉशर किंवा कार्ट्रिज झिजलं, तर थंड पाणी आतल्या आतच गरम लाईनीत शिरतं. काही वेळा झिजही लागत नाही. टेलिफोन शॉवर हुकावर टांगलेला असतो, त्याचं बटण दाबून पाणी बंद केलेलं असतं, पण मिक्सरचे दोन्ही नॉब उघडेच राहिलेले असतात. बाहेर थेंबही पडत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. आत मात्र दोन्ही लाईनी एकमेकींना मिळालेल्या असतात. मग स्वयंपाकघरात कुणी गरम नळ सोडला की अर्धं पाणी गिझरमधून येतं आणि अर्धं त्या बाथरूममधून, थंडच्या थंड.

म्हार्दोळच्या बाजूला एका घरी असंच होतं. काकींनी फोनवरच निदान करून ठेवलं होतं, “पुता, कॉईल गेली. येताना नवीनच घेऊन ये.” वरच्या मजल्यावर मुलीचं बाथरूम, गिझर खाली. मी खाली गिझरचा थंड पाण्याचा कॉक बंद केला आणि गरम नळ सोडला. काकी शेजारी पदर खोचून उभ्या. धार चालूच. गिझरला जाणारं पाणी बंद आहे, मग हे येतंय कुठून, असं विचारल्यावर त्या थोडा वेळ नळाकडे बघत राहिल्या आणि मग जिन्याकडे तोंड करून लेकीला हाक मारली. वर टेलिफोन शॉवर टांगलेला, दोन्ही नॉब पूर्ण उघडे. ते बंद केले, पंचवीस मिनिटांनी पाणी कडकडीत. कॉईल मी परत नेली.

तुम्हीही ही चाचणी करू शकता. कसलंही हत्यार लागत नाही:

१. गिझरचा एमसीबी खाली करा.
२. गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक पूर्ण बंद करा. बहुतेक गिझरवर त्या बाजूला निळी खूण असते.
३. कुठलाही एक नळ फक्त गरम बाजूने उघडा.
४. उरलेलं पाणी येऊन धार तुटली, तर लाईन ठीक आहे. चालूच राहिली, तर थंड पाणी कुठल्या तरी मिक्सरमधून शिरतंय.

शिरत असेल तर घरातले सगळे मिक्सर आणि जेट एकेक करून बंद करत जा. ज्याच्याने धार थांबेल तो दोषी. सगळे घट्ट बंद असूनही थांबत नसेल, तर आतलं कार्ट्रिज किंवा स्पिंडल बदलावं लागेल. ते प्लंबरचं तासाभराचं काम, गिझरवाल्याला बोलवायची गरज नाही. चाचणी झाली की कॉक पुन्हा उघडा, गरम नळातून पाणी येताना बघा, आणि मगच एमसीबी वर करा.

व्होल्टेज, वायर, सॉकेट

पहाटे सहा ते आठ सगळ्या वाड्यावरचे गिझर एकदमच चालू असतात. ट्रान्सफॉर्मर लांब असेल तर तुमच्या घरी येईपर्यंत व्होल्टेज पडतं. कॉईलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले, की २ किलोवॅटची कॉईल दीडच किलोवॅटची होते आणि २१ मिनिटांच्या कामाला २८ मिनिटं लागतात. ट्यूब लुकलुकते का, पंखा नेहमीपेक्षा सावकाश फिरतो का, बघा. तसं असेल तर तोच गिझर दुपारी दोन वाजता लावून पाहा. दुपारी झटकन तापला तर दोष गिझरचा नाही. वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार करा आणि तोवर गिझर पहाटे पाचला लावा. टीव्हीचा स्टॅबिलायझर गिझरला जोडायची कल्पना कुणी सुचवली तर हसून सोडून द्या, तो एवढा भार पेलत नाही.

जुन्या घरांत न्हाणी मूळ घरापासून सुटी असते आणि तिच्यापर्यंत बल्बसाठी ओढलेल्या बारीक वायरवरच पुढे कधीतरी गिझर जोडला जातो. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाईन हवी. २ किलोवॅटला तांब्याची किमान २.५ स्क्वेअर एमएम, ३ किलोवॅटला आणि लांब अंतराला ४. बारीक वायर तापते, व्होल्टेज खाते आणि एक दिवस आवरण वितळतं. यात काटकसर करू नका.

सॉकेट बघणं सोपं आहे. गिझर वीस मिनिटं चालवा, बंद करा, एमसीबी खाली करा, आणि टॉप (प्लग) काढून पिना बघा. तपकिरी किंवा काळ्या पडल्या असतील, सॉकेटच्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं असेल, तर आतला पत्रा सैल झालाय. टॉप आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही घेऊन जातो. मांद्रे, कळंगुट, बेतूलसारख्या किनाऱ्यालगतच्या गावांत खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा थर चढतो. आत डोंगराकडे दुसराच उपद्रव: पावसाळ्यात मुंग्या स्विचबॉक्समध्ये घर करतात आणि पालीची अंडी तर मी गिझरच्या टोपणातही पाहिलीत.

मीटरला विचारा

कॉईलला वीज पोहोचते की नाही, हे काहीही न उघडता कळतं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा. मीटरवरचा बारीक लाल दिवा बघा, तो थांबलेला किंवा अगदी सावकाश लुकलुकत असेल. आता फक्त गिझर चालू करा. दिवा भराभर लुकलुकायला लागला तर कॉईल वीज ओढतेय, म्हणजे ती शाबूत आहे. मग कोमट पाण्याचं कारण वर सांगितलेल्यांपैकी काहीतरी आहे, नाहीतर नॉब किंवा थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग) लवकर वीज तोडतोय. दिव्याच्या गतीत काहीच फरक पडला नाही, तर वीज कॉईलपर्यंत जातच नाही किंवा कॉईल तुटलीय.

एवढं सांगितलंत तरी मेकॅनिक योग्य सामान घेऊन येतो आणि त्याची एक फेरी वाचते.

व्हॉल्व्ह गळतो

तापताना पाणी फुगतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास पाव लिटरने वाढतं, आणि ते कुठून तरी बाहेर पडायला हवं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापतानाच काही थेंब पडत असतील आणि नंतर थांबत असतील, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. त्याला बारीक नळी लावून मोरीत सोडा.

गिझर बंद असतानाही गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाईनीत प्रेशर जास्त आहे. फ्लॅटमध्ये गच्चीवर प्रेशर पंप बसवल्यावर हे होतं. व्हॉल्व्ह बदलून घ्या.

पण तो बंद करू नका. एम-सील लावून बुजवलेले, बोल्ट ठोकलेले, लाकडाची खुंटी मारलेले व्हॉल्व्ह मी पाहिलेत. थर्मोस्टॅट अडकला आणि पाणी उकळायला लागलं, तर वाफेला बाहेर पडायचा तो शेवटचा रस्ता असतो. तो नसेल तर टाकी फुटते, आणि ती भिंत घेऊन फुटते. असा व्हॉल्व्ह दिसला तर गिझर त्याच क्षणी बंद करा, मग पाणी कितीही छान तापत असो.

अंधार होत असेल तर

कुठला स्विच पडतो ते बघा. गिझरचा एमसीबी स्विच टाकताक्षणी पडला तर वायरिंगमध्ये किंवा कॉईलच्या टोकाशी शॉर्ट आहे. दहा मिनिटांनी पडला तर जोड सैल होऊन तापतोय, किंवा एमसीबी कमी ताकदीचा आहे. आरसीसीबी पडत असेल, ज्याला आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात, तर वीज जमिनीत गळतेय. बहुतेकदा कॉईलच्या तांब्याच्या नळीला भेग पडून पाणी आत गेलेलं असतं.

घरातला आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरला पडतो. तेवढी गळती माणसाच्या अंगातून गेली तर जीव धोक्यात येतो, म्हणून तो पडतो. एकदा वर करून बघा. परत पडला तर गिझरची जोडणी काढून ठेवा. गिझर जोडलेला ठेवून पुन्हा वर करू नका, आणि ‘हा सारखा पडतो’ म्हणून त्याला बायपास करून देणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नका.

अर्थिंगबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या जांभ्या दगडात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही. पावसाळ्यात खड्डा ओला असतो तोवर चालतं, मग माती सुकत जाते आणि अर्थिंग नावापुरतंच उरतं. थंडीचा हंगाम नेमका तेव्हाच येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी ओता आणि वायरमन आला की मीटरने तपासून घ्या. आरसीसीबी नसलेल्या जुन्या घरांनी पाण्याची टाकी बदलण्याआधी तो बसवावा.

इथून पुढे टोपण उघडायचं

वायरिंगचं काम नियमित करत नसाल तर इथेच थांबा आणि माणूस बोलवा. गिझरच्या खालच्या टोपणामागे २३० व्होल्ट आणि पाणी एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतात. काही जुन्या घरांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला असतो, म्हणजे स्विच बंद केला तरी आत फेज जिवंतच. येणारा माणूस काय करतो ते कळावं म्हणून पुढचं लिहितोय.

तो आधी एमसीबी खाली करेल आणि टेस्टरने खात्री करेल. न केल्यास आठवण करून द्या. मग कटआऊटचं बारीक बटण बघेल. पाणी जास्त तापलं की ते उडतं, दाबलं की टक् करून बसतं. दिवा लागत नाही अशा तक्रारींत कैकदा तेवढंच असतं. पण ते का उडलं हेही विचारा. आठवडाभरात पुन्हा उडलं तर थर्मोस्टॅट चिकटतोय, बदलायलाच हवा. काही शे रुपयांचा भाग आहे.

मग मल्टीमीटरने कॉईल मोजायची. २ किलोवॅटची कॉईल साधारण २६ ओहम दाखवते, ३ किलोवॅटची १७-१८. काहीच दाखवलं नाही तर तुटली. टोक आणि पत्रा यांच्यात काहीही दाखवलं तर गळती. हे आकडे ठीक आले तर ‘कॉईल बदलू या’ म्हणणाऱ्याला कारण विचारा.

कॉईल बाहेर काढली तर तिच्यावर काय बसलंय यावरून पाण्याची जात कळते. बोअरच्या कठीण पाण्याने, चहाच्या भांड्याला बसतो तसा पांढरा थर चढतो. खाण पट्ट्यात तळाला लाल गाळ. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांजवळच्या, विहिरींचं मचूळ पाणी कॉईलला बारीक भोकं पाडतं. आणि जांभ्यातल्या विहिरींचं पाणी, जे प्यायला इतकं गोड लागतं, ते थोडं आम्लधर्मी असल्यामुळे थर जमवत नाही पण लोखंड खातं. त्यासाठीच आत मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीऐवजी ती झिजते. विहिरीचं पाणी असेल तर ती दरवर्षी बघा, ओपासारख्या योजनेचं नळाचं पाणी असेल तर दोन वर्षांनी चालेल. कांडीची नुसती तार उरली असेल तर बदला. ती वेळेवर बदलली तर टाकी कितीतरी वर्षं जास्त टिकते, आणि तरीही कांडीचं नाव कुणी काढत नाही, कारण कांडी विकण्यापेक्षा गिझर विकणं दुकानदाराला परवडतं. कॉईल परत बसवताना रबराचा गास्केट नवीनच घाला.

टाकीलाच गळती लागली, म्हणजे पत्र्याच्या सांध्यातून किंवा टोपणातून पाणी उतरतंय, तर दुरुस्ती नाही. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

गॅस गिझर असेल तर

पेटत नसेल तर आधी सेल बदला. मग पाण्याचं प्रेशर बघा, धार बारीक असली की तो पेटतच नाही. मग सिलिंडर संपत आलाय का. सिलिंडरवर गरम पाणी ओतून तो ‘जागा’ करायची युक्ती कुणी करत असेल तर थांबवा.

ज्योत निळी हवी. पिवळी, धुरकट ज्योत म्हणजे गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतोय. त्याला वास नसतो, रंग नसतो. थंडीत लोक बाथरूमची झडप बंद करतात, फटीत कापड कोंबतात, आणि आत गॅस गिझर चालू. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, मग माणूस दार उघडायलाही उठू शकत नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आत बसवलेला असेल तर हलवेपर्यंत वापरू नका. गॅसचा वास आला तर कुठलाही स्विच चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

छपरावर सोलर असेल तर पावसाळ्यानंतरचं शेवाळ आणि धूळ नळ्यांवरून पुसून काढा, आणि मागच्या वर्षीपेक्षा माडाची सावली वाढली आहे का ते दुपारी वर जाऊन बघा. बहुतेक तेवढंच असतं.

दुरुस्त होईपर्यंत

ज्यांच्या न्हाणीत अजून भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) आणि त्याखाली चूल आहे त्यांना माझी गरज नाही. नारळाची सोडणं, करवंट्या, माडाची वाळलेली चुडतं, एवढ्यावर अख्ख्या घराची आंघोळ होते, आणि वीज गेली तरी होते. फक्त धूर बाहेर जाण्याची वाट बुजलेली नाही ना ते बघा, गिझर आल्यावर तिथे बऱ्याच जणांनी पेटारे रचून ठेवलेत.

बाकीच्यांनी गॅसवर पातेलं ठेवावं. पाण्यात सोडायचा रॉड वापरणार असाल तर प्लास्टिकची बादली कडेला, मुलांच्या वाटेत नको, आणि पाणी तापलं का ते बोट घालून बघण्याआधी प्लग काढायचा. स्विच बंद करणं पुरत नाही. म्हाताऱ्या माणसांची आंघोळ पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर ठेवा. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी ३० अंशांच्या वर जातं, अकरापर्यंत टाकीतलं पाणीही सुधारलेलं असतं. आजींना सोवळ्याचं स्नान पहाटेच हवं असेल तर तो वाद मी मिटवू शकत नाही.

रात्री ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका. गॅस गिझरबद्दल जे लिहिलं तेच तिलाही लागू.

फोन करताना एवढं सांगा

गिझर किती लिटरचा, किती वॅटचा. खालच्या स्टिकरचा फोटो पाठवलात तर उत्तम. पाणी विहिरीचं, बोअरचं की नळाचं. दिवा लागतो का. मीटरचा दिवा वेगाने लुकलुकतो का. कॉक बंद केल्यावर धार तुटते का. पडतो तो एमसीबी की आरसीसीबी, आणि किती वेळाने. वॉरंटी शिल्लक असेल तर माझ्यासारख्याला न बोलावता कंपनीलाच फोन करा, टोपणाचं सील दुसऱ्या कुणी तोडलं तर त्यांना निमित्तच मिळतं. आणि जमलं तर दिवाळीच्या दोन आठवडे आधी एकदा चालू करून बघा, तेव्हा आम्ही मोकळे असतो.